संशयाच्या तऱ्हा

प्रबंध हातात आला की मी शेवटचं प्रकरण आधी उघडत नाही. 'निष्कर्ष व शिफारशी' बहुतेकांच्या एकाच साच्यातून निघालेल्या असतात. शासनाने लक्ष घालावे, जनजागृती व्हावी, पुढील संशोधनास वाव आहे. माणूस सापडतो तो 'संशोधन पद्धती' नावाच्या प्रकरणात. मी अमुक म्हणतोय ते कशावरून, आणि कशावर माझा विश्वास बसला नाही, हे तिथं त्याला सांगावंच लागतं.

मी नाशिकला मुद्रितशोधनाची कामं करते. पुस्तकं कमी, प्रबंध आणि अहवाल जास्त. शहरात मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, जुनी कॉलेजं आहेत, बाहेर पडलं की शेतीची संशोधन केंद्रं आहेत, त्यामुळे कामाला तोटा नाही. गव्हावरचा तांबेरा, परिचारिकांच्या रात्रपाळ्या, ख्यालातल्या बंदिशी, सुरगाण्याहून द्राक्षबागांवर येणारे मजूर असं सगळं एकाच टेबलावर एकावर एक पडलेलं असतं. आधी विषयांची गंमत वाटायची. आता वाटतं ती शंकांची. प्रत्येक शाखेला कशाची भीती वाटते आणि ती स्वतःला कशी पडताळून बघते, यातच तिचं सगळं शील आहे.

शंका घेणं सगळ्यांनाच जमतं असं मात्र नाही. चाळीस जणांना प्रश्नावली वाटायची, 'होय', 'नाही', 'सांगता येत नाही' यांवर खुणा करून घ्यायच्या आणि तक्त्यात लिहायचं, ३७.५० टक्के. म्हणजे पंधरा माणसं. दशांशचिन्हापुढच्या त्या दोन आकड्यांनी पंधरा माणसांना काय रुबाब येतो! बरं, ती पंधरा जणं 'सांगता येत नाही' म्हणाली असतील तर तिथंच थांबून, का सांगता येत नाही, हे विचारायला नको? पण पुढच्या पानावर रंगीत वर्तुळालेख असतो आणि विषय संपतो. अशा प्रबंधातले ऱ्हस्वदीर्घ मी सुधारते आणि बिल पाठवते.

उलट टोकाचा नमुना आमच्याकडे डोंगरात कोरलेला आहे. पांडवलेण्यांवर नाशिकचा प्रत्येक जण शाळेच्या सहलीत डबा घेऊन गेलेला असतो. तिथल्या दहाव्या लेण्यात ब्राह्मी लिपीत, प्राकृतात एक नोंद आहे. शक राजा क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघाला तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिले. ते दिले म्हणजे हातात ठेवले नाहीत, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी द्यायचे.

आता हिशेब करा. दोन हजारांवर महिना शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै न् पै जुळते. कोरीव लेख वाचणाऱ्याची भीती अशी असते की अक्षर झिजलंय, दगडाला चीर गेलीय, मी 'वीस' वाचतोय ते भलतंच काही असेल. इथं लेखातले आकडेच एकमेकांची साक्ष काढतात. त्यातला एक चुकीचा वाचला तर हिशेब कोलमडतो. रा. गो. भांडारकरांपासून फ्रेंच पंडित एमिल सेनारपर्यंत अनेकांनी ही लेणी वाचली, एकमेकांचे पाठ दुरुस्त केले, भांडलेही. पण दोनशे चाळीसपाशी सगळे एकत्र येतात. त्याच लेखाच्या शेवटी म्हटलंय की हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं. म्हणजे खरी नोंद दुसरीकडे होती, ती गेली. आपल्याला उरली ती डोंगरावरची प्रत. गोवर्धन गाव मात्र गंगापूर रस्त्याला अजून आहे. तिथून जाताना शेकडा पाऊण टक्का आठवतो, ही धंद्याची खोड.

तिसऱ्या लेण्यातल्या लेखाची गोष्ट वेगळी. तो गौतमी बलश्रीचा, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षातला. आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, तिनं केलेलं वर्णन आहे ते. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्यानं खखरात वंश निर्वंश केला. खखरात म्हणजे नहपानाचंच घराणं. आईनं मुलाबद्दल लिहिलेलं आहे, तेव्हा इतिहासकाराने काय करायचं? आईचं प्रेम वजा करून उरेल तेवढं घ्यायचं? किती वजा करायचं ते कुठल्या कोष्टकात बघायचं?

उत्तर १९०६ साली जमिनीतून आलं. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाची चांदी वितळवायची तसदी न घेता सरळ वरून ठोकलेली. काही नाण्यांवर नहपानाचं नाक आणि त्यावर सातवाहनांच्या डोंगराच्या कमानी अशा दिसतात की बघणाऱ्याला हसू यावं. नाणी अभ्यासणाऱ्याची सगळी शंका एका गोष्टीभोवती असते, कुठला छाप खाली आणि कुठला वर. रेघ कुठं तुटलीय, कुठल्या उठावानं कुठला उठाव चेपलाय, हे भिंगाखाली बघायचं. इथं खाली नहपान आणि वर गौतमीपुत्र, उलटं एकही नाही. आईचं म्हणणं निदान या एका बाबतीत खरं ठरलं. तीन समुद्रांच्या पाण्याबद्दल नाण्यांना काही म्हणायचं नाही.

आणि एवढं होऊनही नहपान नेमका कधीचा यावरचा वाद मिटलेला नाही. त्याच्या लेखांतली बेचाळीस, पंचेचाळीस ही वर्षं शक संवताची की त्याच्या स्वतःच्या राज्याची, यावर पंडितांच्या दोन फळ्या आहेत. मला हे आवडतं. हिशेब पैपर्यंत जुळतो आणि शतक मात्र हातातून निसटतं.

नाण्यांची अशी उठाठेव करणारी संस्था त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी आहे, १९८० साली स्थापन झालेली. मौज अशी की त्याच डोंगराच्या माथ्यावर वेगळ्याच जातीचे संशोधक गुडघ्यावर बसलेले असतात. पावसाळ्यात तिथं कंदीलपुष्पाची एक जात फुलते, तिचं शास्त्रीय नावच सेरोपेजिया अंजनेरिका. २००६ साली ती नवी जात म्हणून जाहीर झाली. या कुळातली फुलं लबाड असतात. नळीसारख्या फुलात बारीक माशी शिरते, आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे तिला बाहेर पडता येत नाही. मग केस सुकतात, माशी परागाचं ओझं घेऊन सुटते आणि, शहाणी नसल्यामुळे, दुसऱ्या फुलात शिरते.

वनस्पती ओळखणाऱ्याची भीती काय, तर हे आधीच कुणीतरी नोंदवलेलं असेल. शंभर वर्षांपूर्वी कुणी एखादी डहाळी वाळवून भलत्याच देशातल्या कपाटात ठेवली असेल आणि तिला नाव दिलं असेल, तर तेच नाव चालणार. म्हणून नवी जात म्हणण्याआधी सगळ्या चुलत-मावस जातींशी ताडून बघायचं, पाकळीच्या टोकापासून मुळाच्या गाठीपर्यंत. मग एक वाळवलेला नमुना कायमचा जपायचा. पुढं कुणाला शंका आली तर भांडण त्या नमुन्यासमोर होतं. त्या काळी नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये देणं सक्तीचं होतं, २०११ संपेपर्यंत. त्र्यंबक तालुक्यातल्या रोपट्याची ओळख जगाला लॅटिनमधून करून द्यायची, वर मुळेगावच्या गुराख्याला ती रोपं कुठल्या बांधावर येतात ते आधीपासून ठाऊक. गुराख्याचं ज्ञान खोटं नव्हे, त्याला कपाट नाही एवढंच.

निफाडची गोष्ट अंकांची. हिवाळ्यात नाशिकच्या पेपरात हमखास एक बातमी असते, 'निफाडचा पारा घसरला', आणि आकडा असतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. लोकांना ते केंद्र थंडीपुरतं माहीत. प्रत्यक्षात आमच्या घरातल्या पोळीशी त्याचा संबंध जास्त. तिथून निघालेल्या गव्हांची नावं बघा, त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी. अधिकृत नावांत 'एनआय' ही अक्षरं असतात ती निफाडची.

गहू पैदास करणाऱ्याची शंका मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. एका वाणाला जास्त उतारा पडला, पण तो वाणामुळे की त्या तुकड्यातल्या मातीमुळे? पाटाजवळ होता म्हणून? बांधावरच्या बाभळीची सावली पडली नाही म्हणून? यावर उपाय असा की शेताचे छोटे वाफे करायचे, एकेक वाण अनेक ठिकाणी लावायचा, आणि कुठला वाण कुठल्या वाफ्यात हे स्वतः ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकायच्या. आपल्याच आवडीनिवडीवर इतका अविश्वास दुसऱ्या कुठल्या धंद्यात दाखवतात? मुहूर्त नाही, साहेबांची शिफारस नाही, चिठ्ठी निघेल ते. मग तो प्रयोग पुढच्या हंगामात, वेगळ्या गावी, कमी पाण्यावर पुन्हा. एवढं करून तांबेरा येतोच. काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकत नाहीत. ते निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांवर तग धरतात आणि वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येतात, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहतांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवून दाखवलं. निफाडच्या शेतकऱ्याचा शत्रू तमिळनाडूत उन्हाळा काढतो, हे वाचलं तेव्हा मी त्या पानावर पेन्सिल ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते.

दिंडोरी रस्त्यावरचा 'मेरी' हा आमच्यासाठी बसथांबा. १९५९ साली सुरू झालेली ती महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, हे रोज तिथं उतरणाऱ्यांतल्या निम्म्यांना सांगावं लागेल. धरणाच्या सांडव्यावरून पाणी कसं पडेल, खालचा खडक टिकेल का, हे तिथं छोट्या प्रतिकृती बांधून बघतात. शंभरपट लहान प्रतिकृती केली तर तिथला काळही बदलतो. पाण्याचा तो वेग गुरुत्वाकर्षणाने ठरतो, त्यामुळे अशा प्रतिकृतीत घटना दहापट लवकर उरकतात. दहा तासांचा पूर तासाभरात वाहून जातो. इथली शंका अशी की लहान पाणी मोठ्या पाण्यासारखं वागतं का? सगळ्याच बाबतींत नाही. धरण शंभरपट लहान होतं, पाण्याचा चिकटपणा तेवढाच राहतो, थेंबाचा ताण तेवढाच राहतो. त्यामुळे कुठल्या मापाच्या खाली प्रतिकृती खोटं बोलायला लागते, हे इंजिनिअरला आधी ठरवावं लागतं.

नाशिककरांकडे त्यांची पूररेषा आहेच. गंगेला पूर आला (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) की पहिला प्रश्न, दुतोंड्याच्या, म्हणजे नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या, कुठपर्यंत? गुडघे, कंबर, छाती, गळा. २००८ आणि २०१६ च्या पुरांची आठवण अजून याच मापात निघते. क्युसेकचा आकडा ज्याला कळत नाही त्यालाही 'छातीला लागलं' म्हटलं की दुकानातला माल वर उचलायचा हे कळतं. मेरीतल्या माणसाला हे माप ढोबळ वाटेल. पण पाणी तिथं पोचलं की नाही हे हजार जण एकदम बघत असतात, तेव्हा खोटी नोंद करायची सोय नाही.

गोदाकाठच्याच जुन्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी खणून थर मोजले. खालचा थर जुना, वरचा नवा, हे सोपं. पण उंदराने बीळ केलं आणि वरची खापरी खाली गेली तर? पुरातत्त्ववाले मातीचा रंग बघत बघत ती बिळं हुडकतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या उंदरावर एवढा बारीक डोळा ठेवणारी दुसरी विद्या नसेल.

या सगळ्यांपेक्षा अवघड कागद मला येतात ते माणसांच्या आठवणींचे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, पुढं पाच वर्षांनी, १९३५ मध्ये, येवल्याची घोषणा झाली. तारखा पक्क्या आहेत. पण घराघरांत जे उरलंय ते तारखांनी येत नाही. एका मुलीने आपल्या वस्तीतल्या वृद्ध बायकांच्या मुलाखती लिहून आणल्या होत्या. पानापानावर कंस, '(थांबतात)', '(विषय बदलतात)', '(सुनेकडे बघतात)'. मी फोन करून विचारलं, "हे छापायचंय का? वाचताना अडखळायला होतं."

"ताई, तेच राहू द्या," ती म्हणाली. "आजींनी साल चुकीचं सांगितलंय ते मी तळटीपेत दिलंय. पण त्या कुठं गप्प बसल्या ते मला तळटीपेत टाकता येणार नाही."

चुकीच्या सालाकडेही ती कचरा म्हणून बघत नव्हती. सासूनं ऐकवलेली गोष्ट आजींनी स्वतः पाहिल्यासारखी का सांगितली, हाच तिचा प्रश्न होता. नाण्यांच्या माणसाला वरचा छाप आणि खालचा छाप वेगळा करायचा असतो. हिला दोन्ही छाप एकत्र कसे बसले ते बघायचं होतं. चाळीस प्रश्नावल्यांच्या शेजारीच हा गठ्ठा ठेवला होता, आणि नियमाने दोन्हींना 'सामाजिक शास्त्रे' हेच नाव.

त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या नामावळ्यांचंही असंच. यात्रेकरूचं गाव, कूळ, वाडवडिलांची नावं, कधी आले, कुणाबरोबर आले. वंशावळ शोधणारा त्यात पणजोबा शोधतो, आणि इतिहासाचा विद्यार्थी शोधतो दुष्काळानंतर कुठल्या गावची नोंदच थांबली ते. संगीतवाल्यांची अडचण आणखी निराळी. विष्णु दिगंबर पलुस्करांनी स्वरलिपी घडवली, पंचवटीत आश्रम काढला, त्यांच्यामुळे बंदिशी कागदावर आल्या. पण कागदावरची बंदिश म्हणजे राग का, यावर त्या विषयातला प्रत्येक प्रबंध अडतो, आणि त्याने अडावंच.

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न मला माझ्या कामावरून नेहमी ऐकायला मिळतो, बहुधा लग्नाच्या पंगतीत. मी लासलगावची गोष्ट सांगते. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरणांचा हलका मारा द्यायचा, हे भाभा अणुसंशोधन केंद्राचं तंत्र. कांद्याच्या त्या पंढरीत २००३ साली त्यासाठी 'कृषक' हे केंद्र उभं राहिलं, आत गॅमा किरण देणारं कोबाल्ट-६०. शास्त्र बरोबर होतं. पण शेतकऱ्याचा कांदा चाळीतच राहिला. भाव चढला की विकायचा, पडला की थांबायचं, या खेळात किरणांचा आणि वाहतुकीचा खर्च त्याच्या गणितात बसेना. मग २००७ साली त्याच केंद्रातून अमेरिकेला आंबा गेला. आंब्यातल्या किडीचा बंदोबस्त करायला ४०० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा लागते, कांद्याला लागते त्याहून कितीतरी जास्त. कांद्यासाठी बांधलेली वास्तू हापूसच्या कामी आली. मोड का येतात हे जीवशास्त्रवाल्याने शोधलं, किरण किती द्यायचे हे भौतिकीवाल्याने, आणि शेतकरी का आला नाही हे शोधायला तिसराच माणूस लागतो, ज्याला कोबाल्ट कळत नाही पण कांदाचाळ कळते. पंगतीतले लोक इतकं ऐकेपर्यंत जिलेबीकडे वळलेले असतात.

गेल्या महिन्यात कॅमेऱ्यांवरचा एक लेख तपासायला आला आणि त्यात नाशिकची दोन माणसं समोरासमोर भेटली. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे. १९१२ च्या सुमारास त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि रोप वर येताना थोडं थोडं टिपत राहिले. महिन्याभराची वाढ मिनिटभराच्या फितीत आली. दुसरे रमेश रासकर, जन्म नाशिकचा, अमेरिकेतल्या एमआयटीत. त्यांच्या चमूनं २०११ साली सेकंदाला एक लाख कोटी चित्रांच्या वेगानं प्रकाशच टिपून दाखवला. बाटलीतून प्रकाशाचा लोट सरकताना दिसतो. एकानं काळ चेपला, दुसऱ्यानं ताणला. लेखकाने इथंच आवरतं घेतलं होतं.

पण रासकरांच्या फितीत दिसतो तो एकच लोट नव्हे. एका लोटातून येणारा प्रकाश इतका थोडा असतो की तसेच्या तसे असंख्य लोट सोडून, त्यांची टिपणं एकत्र करून ते चित्र उभं केलेलं आहे. म्हणजे सगळी भिस्त प्रत्येक लोट आधीच्यासारखाच असण्यावर. वाटाण्याला ही सवलत नाही, तो एकदाच उगवतो. मी समासात तेवढं लिहिलं आणि लेख परत पाठवला. कुंदेवाडीच्या माणसाकडे तो लेख गेला असता, तर त्याने फाळक्यांना आधी विचारलं असतं, कुंड्या किती होत्या, आणि चिठ्ठ्या टाकल्या होत्या का?